मोठ्या मांजरांची घरे नकाशावर कशी दाखवावीत?

वर्गशिक्षिका, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका मराठी शाळेत सातवीच्या वर्गाला विज्ञान आणि भूगोल शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या वर्गाने "मोठ्या मांजरांची रानातील घरे" हा विषय घेतला असून, त्यासाठी मुले जगाचा एक मोठा नकाशा रंगवत आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी संपूर्ण भारत वाघासाठी केशरी केला, संपूर्ण आफ्रिका सिंहासाठी पिवळी केली आणि संपूर्ण दक्षिण अमेरिका जग्वारसाठी हिरवी केली. नकाशा दिसायला देखणा झाला, परंतु त्याच्यासमोर उभी राहिल्यावर हे चित्र खरे नाही असे मला प्रकर्षाने वाटले. नेमके काय चुकले आहे हे मात्र मला मुलांना नीट सांगता आले नाही.

त्यानंतर आम्ही गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात सहल नेली आणि मुलांच्या प्रश्नांत भरच पडली. चित्ता आणि प्यूमा यांना मोठ्या मांजरांत धरायचे की नाही? वाघ आणि सिंह रानात कधी समोरासमोर येतात का, आणि आपल्या विदर्भात एवढे वाघ असताना सिंह का नाहीत? काळा बिबट ही वेगळी जात आहे का? या प्रश्नांची उत्तरे शोधता येतील, असे मला वाटले होते. परंतु वर्गातील एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाने मी खरोखर अडले. आम्ही महाराष्ट्राच्या नकाशावर पेंच, बोर आणि ताडोबा अशा व्याघ्रप्रकल्पांचे हिरवे ठिपके काढले होते. ते पाहून ती म्हणाली, "बाई, माझ्या आजोळी उमरेडकडे धानाच्या बांधीत वाघाचे पगमार्क दिसतात. ते गाव तर ठिपक्याच्या बाहेर आहे. मग तो वाघ कोठला?" तिला काय उत्तर द्यावे, आणि तो वाघ आमच्या नकाशावर कोठे दाखवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपुड्याची वाट

बाई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी येतो. आधीचे प्रश्न त्या मानाने सोपे आहेत.

शास्त्रीय वर्गीकरणात पँथेरा या प्रजातीत पाच प्राणी येतात : वाघ, सिंह, जग्वार, बिबट्या आणि हिमबिबट्या. यांपैकी पहिले चार डरकाळी फोडू शकतात. हिमबिबट्याला ते जमत नाही, तरीही नात्याने तो याच कुळातला आहे. चित्ता आणि प्यूमा आकाराने मोठे असले तरी या पाचांत बसत नाहीत, आणि दोघेही घरच्या मांजरासारखे गुरगुरतात. प्रदर्शनात त्यांना वगळण्याची आवश्यकता नाही. फक्त त्यांची चौकट वेगळ्या रंगाची ठेवावी आणि कारण खाली लिहावे. ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात राहणारा, अंगावर ढगांसारखे मोठे डाग असलेला लामचित्ताही याच वेगळ्या चौकटीत येईल. त्याच्या नावात चित्ता असला तरी चित्त्याशी त्याचे जवळचे नाते नाही.

काळा बिबट ही वेगळी जात नव्हे. बिबट्याच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याचे प्रमाण वाढले की तो काळा दिसतो, आणि उन्हात नीट पाहिले तर त्या काळ्या अंगावरही गुलाबाच्या पाकळ्यांसारखे ठसे दिसतात. २०१८ साली ताडोबात असा बिबट पर्यटकांना दिसला होता. अमेरिकेत ज्याला काळा पँथर म्हणतात, तो बहुधा काळा जग्वार असतो. पांढऱ्या वाघाचेही तसेच आहे. १९५१ साली रीवा संस्थानात पकडलेला मोहन हा पांढरा बछडा प्राणिसंग्रहालयांतील बहुतेक पांढऱ्या वाघांचा पूर्वज आहे. पांढरा वाघ नावाची स्वतंत्र जात निसर्गात नाही.

आता नकाशाविषयी. आपल्याला जी खटकणारी गोष्ट जाणवली ती अशी की मुलांनी देश रंगवले आहेत. जनावराचा पत्ता देशाच्या नावाने लिहिता येत नाही. भक्ष्य कोठे आहे, लपायला आडोसा आहे का, उन्हाळ्यात पाणी टिकते का आणि पुढे जायला वाट आहे का, यांवर तो ठरतो. सिंहाचेच उदाहरण घ्या. "जंगलाचा राजा" हे बिरुद आपण लहानपणापासून ऐकतो, परंतु आफ्रिकेतला सिंह मुख्यतः गवताळ माळांवर आणि विरळ झाडीच्या प्रदेशात राहतो, जेथे झेब्रे, रानम्हशी आणि विल्डबीस्ट यांचे कळप चरतात. सेरेंगेटी, क्रूगर, ओकावांगो ही त्याची घरे होत. सहारा वाळवंट आणि काँगोचे घनदाट वर्षावन पिवळ्या रंगातून काढून टाकले की मुलांच्या आफ्रिकेचा मोठा भाग कोरा होईल, आणि उरलेला पिवळा रंगही सलग राहणार नाही.

जग्वारचे घर मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत पसरलेले असून त्याला पाणी अत्यंत प्रिय आहे. ॲमेझॉनचे खोरे आणि ब्राझीलमधील पांतानालची पाणथळ जमीन ही त्याची मुख्य ठिकाणे आहेत, आणि तेथे तो केमन जातीच्या मगरींचीही शिकार करतो. अँडीजची उंच शिखरे आणि खंडाचे दक्षिण टोक मात्र त्याचे नव्हे. तेथपर्यंत प्यूमा पोहोचतो, जो कॅनडापासून दक्षिण चिलीपर्यंत आढळतो. हिमबिबट्या मध्य आणि दक्षिण आशियातील बारा देशांच्या उंच पर्वतांत राहतो. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या आपल्या देशातील पहिल्या सर्वेक्षणानुसार भारतात ७१८ हिमबिबटे असून त्यांतील ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत.

वाघाविषयी मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. आपण नागपूरकर साग, बांबू, ऐन आणि मोहाच्या शुष्क पानझडी जंगलातला वाघ पाहतो आणि वाघाचे घर असेच असते असे धरून चालतो. परंतु हाच प्राणी सुंदरबनात भरती-ओहोटीच्या चिखलात खारफुटीमधून पोहत जातो, भूतानमध्ये ४००० मीटरच्या आसपासच्या उंचीवर कॅमेऱ्यात टिपला गेला आहे, आणि रशियाच्या अतिपूर्वेला हिवाळाभर बर्फात रानडुकराच्या मागावर असतो. एवढ्या भिन्न हवामानांत राहू शकणारा हा प्राणी कॅस्पियन समुद्राच्या परिसरातून, जावातून आणि बालीतून विसाव्या शतकात कायमचा नाहीसा झाला. तेथे ना थंडीने त्याला मारले ना उष्णतेने. शिकार, भक्ष्याचा अभाव आणि तुटलेले रान ही त्याची कारणे होती. २०२२ च्या गणनेनुसार भारतात सरासरी ३६८२ वाघ आहेत, म्हणजे जगातील वन्य वाघांपैकी ७० टक्क्यांहून अधिक; २००६ साली हाच अंदाज १४११ होता. महाराष्ट्राचा आकडा ४४४ आहे.

बिबट्याचे वर्णन मात्र कोणत्याही एका अधिवासात बसवता येणार नाही. आफ्रिका, अरबस्तान, भारत, श्रीलंका येथपासून रशियाच्या अमूर प्रदेशापर्यंत तो आहे, आणि जुन्नरच्या उसात तो बछडी वाढवतो. २०२१ सालच्या उन्हाळ्यात आपल्या शहराच्या पश्चिम भागात बिबट फिरत होता, हे नागपूरकर विसरलेले नसतील. ठिपक्यांच्या प्रत्येक मांजराला चित्ता म्हणण्याची सवय मुलांना असते, तेव्हा फरकही लिहावा : चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारखी काळी रेघ असते, बिबट्याच्या अंगावर पोकळ ठसे असतात, आणि जग्वारच्या ठशांच्या आत पुन्हा लहान ठिपके असतात.

जुन्या कागदांचा वाचक

सिंहाविषयी थोडी भर घालतो, कारण "विदर्भात सिंह का नाही" या प्रश्नाला इतिहासाची बाजू आहे.

आशियाई सिंह एकेकाळी पश्चिम आशियापासून इराणमार्गे उत्तर भारतात पार बिहारपर्यंत पसरलेला होता. दक्षिणेकडे मात्र त्याची सीमा नर्मदेच्या आसपास मानली जाते. म्हणजे विदर्भातून सिंह संपला असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. आपला प्रदेश त्याच्या राज्याच्या हद्दीबाहेरच होता. उत्तर आणि मध्य भारतात वाघ आणि सिंह यांचे प्रदेश काही काळ एकमेकांवर येत होते, तरी सिंहाचा ओढा उघड्या, काटेरी झाडीकडे आणि वाघाचा दाट सावलीकडे असल्यामुळे दोघांनी भूमी बरीचशी वाटून घेतलेली असावी. आज वन्य वाघ आणि वन्य सिंह शेजारी नांदत आहेत असे एकही ठिकाण जगात नाही. त्यामुळे मुलांना समोरासमोरच्या लढाईचे चित्र काढायचे असेल, तर ते कल्पनाचित्र आहे असे खाली लिहावे.

बंदुका आल्या आणि एकोणिसाव्या शतकात सिंह झपाट्याने संपत गेला. शतक संपेपर्यंत भारतातला सिंह सौराष्ट्रातल्या गीरमध्येच काय तो निश्चितपणे टिकला, आणि जुनागढच्या नवाबांनी दिलेल्या संरक्षणामुळे तो वाचला. २०२० साली तेथे ६७४ सिंह होते आणि २०२५ च्या गणनेत ८९१ मोजले गेले. ही आनंदाची बातमी आहे, परंतु तिच्यात मला एक काळजीही दिसते. त्यांतील निम्म्याहून अधिक सिंह आता गीरच्या मुख्य संरक्षित क्षेत्राबाहेर, शेती, पडीक माळ आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात राहतात, आणि तरीही सगळे मिळून एकाच प्रदेशातले आहेत. २०१८ साली गीरच्या पूर्व भागात रोगाची साथ येऊन वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा सगळी शिल्लक एकाच कोठीत ठेवण्याचा धोका स्पष्ट दिसला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवावेत असा निर्णय दिला होता. ते स्थलांतर आजवर झालेले नाही. कुनोत २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून आठ आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आणले गेले.

चित्त्याचे घर दाखवताना मुलांनी दोन काळ दाखवावेत, अशी माझी सूचना आहे. चित्ता हा शब्दच मुळी आपल्या "चित्रक" या संस्कृत शब्दातून जगभर गेला. भारतातील चित्ता १९५२ साली नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आपल्या महाराष्ट्रातील कोल्हापूर संस्थानात काळवीट पकडण्यासाठी चित्ते शिकवून तयार केले जात. आशियाई चित्ता आज इराणमध्ये अत्यल्प संख्येने उरला आहे; बाकी सर्व वन्य चित्ते, कुनोतलेही, आफ्रिकी वंशाचे आहेत.

पवनीकर

बाई, मी आपल्या विद्यार्थिनीच्या आजोळाच्या बाजूचाच आहे, म्हणून तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या भागातला जय नावाचा वाघ सर्वांना ठाऊक होता. तो नागझिरा अभयारण्यात वाढला. २०१३ साली तो तेथून निघाला आणि वैनगंगा, राष्ट्रीय महामार्ग, गावे आणि शेकडो शेते ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. ते अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक होते. हे अभयारण्य नावारूपाला आले ते त्याच्यामुळे, आणि २०१६ साली तो अचानक दिसेनासा झाला. आता आपल्या नकाशात नागझिऱ्याचा ठिपका आहे आणि कऱ्हांडल्याचाही असेल. पण मधल्या प्रवासात तो जेथे दिवसा झोपला, जेथे पाणी प्यायला, जेथे त्याने शिकार केली, ती जागा नकाशावर पांढरी आहे. ते त्याचे घर नव्हते असे कसे म्हणावे?

वाघाचा बछडा साधारण दोन वर्षांचा झाला की त्याला आईचा इलाखा सोडावा लागतो. बोर हा व्याघ्रप्रकल्प मुळात जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा आहे आणि तेथे किती नर वाघ सामावतील याला मर्यादा आहे. ताडोब्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा असला तरी तो भरलेला आहे. मग तरुण वाघ नाल्याच्या काठाने, बांबूच्या रांजीतून, झुडपी जंगलातून निघतो. हे झुडपी जंगल म्हणजे काय ते शहरातल्या मुलांना सांगायला हवे. पूर्व विदर्भात गावांच्या कडेला खुरट्या झाडोऱ्याच्या ज्या जमिनी आहेत त्यांना महसुली कागदांत हे नाव आहे, आणि त्यांना पुष्कळ वर्षे पडीक समजले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात त्या जमिनी वनच असल्याचे ठरवले. आमच्याकडची गुरे तेथे चरतात, आम्ही तेथून सरपण आणतो आणि वाघही तेथूनच जातो. त्यामुळे त्या मुलीला सांगावे की बांधीतल्या पावलांचा वाघ वाट चुकलेला नसून वाटेवरचा असू शकतो, किंवा तेथेच राहणाराही असू शकतो. ब्रह्मपुरी वनविभागात कितीतरी वाघ कोणत्याही अभयारण्याच्या बाहेर, गावांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत.

याची दुसरी बाजू मी सांगितली नाही तर माझ्या गावाशी अप्रामाणिकपणा होईल. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात आणि ती सूर्य उगवायच्या आत वेचावी लागतात, कारण उशीर झाला तर गुरे आणि हरणे ती खाऊन टाकतात. बाया आणि म्हातारी माणसे अंधारात वाकून फुले वेचतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, एखादे जनावर वाटते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला घरातले सगळे जातात, कारण त्या पंधरा दिवसांच्या पैशावर पावसाळ्याचे बियाणे येते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दरवर्षी माणसे मरतात ती बहुतेक अशाच कामांत. माझी एक आत्या मोहाच्या दिवसांत थोडक्यात वाचली. त्यानंतरही ती दुसऱ्या वर्षी मोहाला गेली, कारण घरात दुसरी मिळकत नव्हती. म्हणून आपल्या नकाशावर वाघ कोठे राहतो हे दाखवाल, तेव्हा तेथे माणसे कोणत्या महिन्यांत कोणते काम करतात हेही त्याच्या शेजारी लिहा. हे लिहिल्याशिवाय आमच्या भागाचा नकाशा पूर्ण होणार नाही.

वर्गशिक्षिका, नागपूर

आपणा तिघांचेही मनापासून आभार. पवनीकर दादा, आपले उत्तर मी आज वर्गात वाचून दाखवले आणि आपल्या आत्यांचा उल्लेख आला तेव्हा वर्गात पूर्ण शांतता होती. मुलांनी जगाचा नकाशा खोडून पुन्हा रंगवायला घेतला आहे; आता ते देश न रंगवता गवताळ प्रदेश, पानझडी जंगल, खारफुटी, उंच पर्वत असे रंगवत आहेत. विदर्भाचा नकाशा वेगळ्या, मोठ्या कागदावर करण्याचे ठरले आहे. त्यावर ठिपके जोडणाऱ्या वाटा कशा दाखवाव्यात? सरळ रेघा ओढल्या तर त्या रस्त्यांसारख्या वाटतील, अशी मला भीती आहे.

सातपुड्याची वाट

आपली भीती रास्त आहे. या वाटांना भ्रमणमार्ग म्हणतात, परंतु वाघ रेघेवरून चालत नाही. तो एका रुंद, फाटक्या पट्ट्यातून आडोसा शोधत जातो. त्यामुळे फिकट हिरव्या रंगाचे, कडा पुसट असलेले पट्टे काढावेत आणि मध्ये शेते येतील तेथे रंग विरळ करावा. किती दूरवर हे पट्टे जातात याची कल्पना देण्यासाठी टिपेश्वरच्या वाघाचा प्रवास दाखवता येईल. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला हा तरुण नर तेलंगणाची सीमा ओलांडून, मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या शेतशिवारांतून फिरत सुमारे १३०० किलोमीटर चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला हे कळले. कॉलर नसलेल्या कितीतरी वाघांनी असे प्रवास केले असतील आणि त्यांची नोंद कोठेही झालेली नसेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पट्टे काढल्यावर त्यांना छेदणाऱ्या गोष्टी वेगळ्या रंगात काढाव्यात. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. हा रस्ता रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी ९ ठिकाणी रस्त्याखालून वाटा ठेवण्यात आल्या. त्यांची लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, बिबट, चितळ, रानकुत्रे त्या वाटांनी जाताना दिसले आहेत. वर ट्रक धावत असताना खालून वाघ शांतपणे जातो, हे छायाचित्र मुलांना अवश्य दाखवा. या वाटा सहजासहजी मिळाल्या नाहीत. त्यासाठी अनेकांना न्यायालयात वर्षानुवर्षे झगडावे लागले.

पवनीकर

महामार्गाच्या जोडीला आणखी दोन रेघा काढायला हव्यात. एक कालव्यांची. मोठ्या कालव्याचे काठ सिमेंटचे आणि उभे असतात; जनावर आत पडले तर त्याला वर चढता येत नाही, आणि काठावर आलेला वाघ मैलोन्‌मैल समांतर चालून परत फिरतो. जेथे कालव्यावर माती टाकून रुंद पूल केले आहेत, तेथे हिरवी खूण करावी.

दुसरी रेघ गोंदिया ते बल्लारशा या रेल्वेमार्गाची. ती नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या रानातून जाते आणि पुढे चंद्रपूरजवळच्या जंगलातून निघते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात या मार्गावर वाघाचे तीन बछडे एकाच वेळी गाडीखाली सापडले. त्या जागी मुलांनी काय काढावे ते त्यांनाच ठरवू द्या. आणि त्या मुलीच्या आजोळचे गाव नकाशावर तिच्याच हाताने लिहून घ्या. त्याच्यासमोर मोह आणि तेंदू यांचे महिने तिला आजीला विचारून भरता येतील.